निकाल बदलत नाही तेव्हा

१४ फेब्रुवारी १८२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहे राष्ट्राध्यक्षपदाची मते मोजायला एकत्र बसली. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक होता. जेम्स मन्रो दुसऱ्यांदा उभे होते आणि त्यांच्यासमोर कोणी नव्हतेच. न्यू हॅम्पशायरचे एक निर्वाचक विल्यम प्लमर यांनी आपले मत जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना दिले होते. बाकी झाडून सगळी मते मन्रो यांची. इतक्या निरस मोजणीतही बेरीज मात्र दोनदा वाचावी लागली. मिसुरीची मते धरली तर मन्रो यांना २३१, न धरली तर २२८, आणि कसेही मोजले तरी मन्रो निवडून आले, असा तो निकाल होता.

मिसुरीची मते धरायची की नाही हे ठरवायचे, तर मिसुरी हे राज्य झाले आहे की नाही हे आधी ठरवावे लागले असते. काँग्रेसने ते त्या दिवशी ठरवले नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराने निकाल बदलत नाही, त्याचे उत्तर शोधत बसू नये, असा त्यामागचा विचार होता. विचार शहाणपणाचा वाटतो. सोसायटीच्या वार्षिक सभेपासून घरच्या वाटणीपर्यंत आपणही तो सर्रास वापरतो. तो कुठवर खरा आहे आणि कुठून खोटा पडू लागतो, एवढेच इथे पाहायचे आहे. त्यासाठी अमेरिकेतली चार नवी राज्ये आणि त्यांची प्रत्येकी तीन मते पुरेशी आहेत.

तीनच मते का, तेही सांगायला हवे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडतात ते निर्वाचक. प्रत्येक राज्याचे सिनेटर आणि प्रतिनिधिगृहातले सदस्य मिळून जेवढे होतात, तेवढे त्या राज्याचे निर्वाचक. सिनेटर प्रत्येक राज्याचे दोनच असतात आणि विरळ वस्तीच्या नव्या राज्याला प्रतिनिधी एकच मिळतो. म्हणून नवे राज्य संघराज्यात येते ते बहुधा तीन मते घेऊन. यापेक्षा कमी मते कोणत्याच राज्याला असू शकत नाहीत.

त्या काळच्या कायद्याप्रमाणे निर्वाचक आपापल्या राज्यात डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी मते देत, आणि ती मोहोरबंद मते फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी वॉशिंग्टनमध्ये मोजली जात. दोन्ही सभागृहांसमक्ष सिनेटच्या अध्यक्षाने ती उघडावीत आणि मग ती मोजली जावीत, एवढे राज्यघटना सांगते. मोजायची कोणी, एखाद्या मतावर हरकत आली तर निवाडा कोणाचा, याविषयी ती काही बोलत नाही. घटना लिहिली गेली तेव्हा राज्ये तेराच होती आणि प्रत्येकाची ओळख पक्की होती. त्यामुळे ही जागा रिकामी राहिली हे तेव्हा कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

नवी राज्ये येऊ लागली तशी ती जागा दिसू लागली, कारण राज्य एका दिवसात होत नाही. आधी काँग्रेस त्या प्रदेशाला राज्यघटना करायची परवानगी देते. मग लोक सभा निवडतात, सभा घटना लिहिते, गव्हर्नर निवडला जातो, विधिमंडळ भरते आणि शेवटी काँग्रेस त्या राज्याला प्रवेश देते. यांतल्या नेमक्या कोणत्या पायरीवर प्रदेशाचे राज्य होते? एरवी हा प्रश्न पंडितांचा. पण या पायऱ्यांच्या मध्येच राष्ट्राध्यक्षाची निवडणूक येऊन पडली, तर तो मोजणीच्या टेबलावर येतो.

तो पहिल्यांदा आला इंडियानाच्या निमित्ताने. एप्रिल १८१६ मध्ये इंडियानाला परवानगी मिळाली. जूनमध्ये कॉरिडन गावी सभा भरली आणि २९ तारखेला घटना तयार झाली. ऑगस्टमध्ये जोनाथन जेनिंग्ज गव्हर्नर झाले, नोव्हेंबरात विधिमंडळ भरले, त्याने तीन निर्वाचक निवडले आणि त्यांनी ४ डिसेंबरला मन्रो यांना मते दिली. काँग्रेसने इंडियानाला राज्य म्हणून मान्यता दिली ती मात्र ११ डिसेंबरला, म्हणजे मते पडल्यावर सात दिवसांनी.

१२ फेब्रुवारी १८१७ च्या मोजणीत इंडियानाची पाळी आली आणि न्यूयॉर्कचे जॉन टेलर उठले. मते पडली तेव्हा इंडियाना राज्य नव्हते, नुसता प्रदेश होता, आणि प्रदेशाला मत नसते, असे त्यांचे म्हणणे. सिनेटर आपल्या दालनात परत गेले आणि प्रतिनिधिगृहात वाद झाला. दुसरी बाजूही कमकुवत नव्हती. राज्य झाले ते घटना तयार झाली त्या दिवशीच, डिसेंबरच्या ठरावाने ही झालेली गोष्ट फक्त मान्य केली. शिवाय ११ डिसेंबरच्या आधी निवडलेले इंडियानाचे सदस्य या सभागृहांनी बसवून घेतले आहेत, तेव्हा इंडियाना राज्य नव्हते तर ते बसले कसे, असा त्या बाजूचा सवाल. पेनसिल्व्हेनियाचे सॅम्युएल इंगहॅम यांनी हा प्रश्न बेमुदत पुढे ढकलावा असे सुचवले. सभागृहाने ते जवळजवळ एकमुखाने मानले. सिनेट परत आले, इंडियानाची मते मोजली गेली. मन्रो यांना १८३, रूफस किंग यांना ३४. तीन मतांनी काय होणार होते?

इथपर्यंत ते शहाणपण निर्दोष दिसते. कोणाचे काही गेले नाही, इंडियानाचा मान राहिला, टेलर यांना बोलायला मिळाले. पण एक गोष्ट नोंदवून ठेवू. मते मोजली गेली ती टेलर यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले म्हणून नव्हे. प्रश्न बाजूला सारला गेला म्हणून ती मोजली गेली. असा प्रश्न पुन्हा यायला मोकळाच राहतो.

चार वर्षांनी तो आला, आणि या वेळी एकटा आला नाही. मिसुरी हा गुलामगिरी असलेला प्रदेश. तो राज्य म्हणून आला की सिनेटमधला गुलामगिरीच्या आणि मुक्त राज्यांचा समतोल ढळणार होता. १८१९ पासून त्यावर रण माजले होते. १८२० मध्ये तोड निघाली: मुक्त राज्य म्हणून मेनला घ्यायचे, गुलामगिरीसह मिसुरीला घ्यायचे आणि लुइझियाना खरेदीतून मिळालेल्या बाकीच्या भूभागात ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नको. मिटले असे वाटले. मिसुरीने जून-जुलैमध्ये सेंट लुइसला घटना तयार केली, अलेक्झांडर मॅकनेअर गव्हर्नर झाले, विधिमंडळाने सिनेटर निवडले आणि तीन निर्वाचकही निवडले. डिसेंबरात त्यांनी मन्रो यांना मते दिली.

पण त्या घटनेत एक कलम होते. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आणि मिश्रवंशीयांना मिसुरीत येऊन वसण्यापासून रोखणारे कायदे विधिमंडळाने करावेत, अशी त्यात आज्ञाच होती. देशाची राज्यघटना मात्र सांगते की एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यातही नागरिकाचे हक्क मिळतील, आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीय मतदानही करत होते. कलम उघडउघड घटनाविरोधी होते. तरीही, काँग्रेसने परवानगी दिली, मिसुरीने घटना केली, म्हणजे मिसुरी राज्य झालेच आहे, असे दक्षिण कॅरोलायनाचे विल्यम लाउंड्स मांडत होते. प्रतिनिधिगृहाला ते पटले नाही. १३ डिसेंबर १८२० रोजी मिसुरीच्या प्रवेशाचा ठराव ९३ विरुद्ध ७९ मतांनी पडला. म्हणजे मिसुरीत गव्हर्नर होता, विधिमंडळ होते, निवडलेले सिनेटर जागेची वाट पाहत होते, निर्वाचकांची मते वॉशिंग्टनला निघाली होती, आणि वॉशिंग्टनच्या लेखी मिसुरी नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते.

मोजणीचा दिवस जवळ आला तसा पेच स्पष्ट झाला. मते मोजली तर मिसुरी राज्य असल्याची कबुली. वगळली तर नसल्याची. कोणतेही एक केले तरी अर्धे सभागृह उठून जाणार. हेन्री क्ले ज्या संयुक्त समितीवर होते तिने वाट काढली. मिसुरीच्या मतांवर हरकत आली आणि त्या मतांनी निकाल बदलत नसेल, तर त्या हरकतीत शिरायचेच नाही. बेरीज दोन्ही प्रकारांनी जाहीर करायची. १८१७ मध्ये टेलर हरकत घेत होते तेव्हा सभापतीच्या खुर्चीत क्ले होते. १८२१ मध्ये खुर्चीत होते टेलर, आणि हरकतीतून पळवाट काढत होते क्ले. माणसांनी जागा बदलल्या होत्या, प्रश्न होता तिथेच होता.

ठराव मंजूर असूनही मोजणी शांतपणे झाली नाही. मिसुरीचे नाव निघताच न्यू हॅम्पशायरच्या आर्थर लिव्हरमोर यांनी हरकत घेतली. सिनेटर बाहेर गेले. मिसुरी राज्य आहे आणि तिची मते मोजलीच पाहिजेत, असा ठराव व्हर्जिनियाच्या जॉन फ्लॉइड यांनी मांडला. क्ले यांनी तो बाजूला ठेवायला लावला. सिनेट परतले, दुहेरी निकाल वाचला गेला, आणि फ्लॉइड पुन्हा उठले. त्यांना एवढेच विचारायचे होते की मिसुरीची मते मोजली की नाही मोजली. उत्तरादाखल शिस्तीच्या आरोळ्या उठल्या. जॉन रँडॉल्फ बोलू लागले तेव्हा आरोळ्या आणखी वाढल्या. त्या गदारोळातच सभागृह उठले. मोजणीनंतर मोजणाऱ्यांनाच विचारलेला सर्वांत साधा प्रश्न होता तो, आणि त्याचे उत्तर सभागृहात कोणाकडेही नव्हते.

इथे त्या शहाणपणाची पहिली त्रुटी दिसते. निकाल बदलत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा निकाल कशाला म्हणायचे हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते. त्या दिवशी निकाल म्हणजे मन्रो यांचे नाव, एवढेच धरले गेले. पण मिसुरीचा वाद मन्रो यांच्याविषयी नव्हताच. स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक आहे की नाही, या प्रश्नावर तो पेटला होता. त्या माणसाच्या दृष्टीने मिसुरीची मते मोजणे आणि न मोजणे यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

त्याचे पुढे काय झाले तेही पाहू. मार्च १८२१ मध्ये क्ले यांच्याच पुढाकाराने दुसरी तोड निघाली. ते कलम नागरिकांच्या हक्कांना बाध आणण्यासाठी कधीच वापरणार नाही, असे वचन मिसुरीने जाहीर कायद्याने द्यायचे होते. जूनमध्ये विधिमंडळाने वचन दिले, पण असे वचन मागायचा काँग्रेसला अधिकारच नाही असे त्याच कायद्यात लिहून दिले. १० ऑगस्टला मन्रो यांनी मिसुरी चोविसावे राज्य झाल्याची घोषणा केली. १८४७ मध्ये मिसुरीने कायदा केला: कृष्णवर्णीयांना लिहायवाचायला शिकवणारी शाळा चालवायची नाही आणि बाहेरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी राज्यात यायचे नाही. नागरिकत्वाचा जो प्रश्न निकालाला धक्का लावत नव्हता, त्याचे उत्तर असे राज्याच्या कायद्यांतून देऊन झाले होते.

तरी क्ले यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. फेब्रुवारी १८२१ मध्ये त्यांनी उत्तराचा आग्रह धरला असता तर मोजणी अडली असती. ४ मार्चला मन्रो यांची पहिली मुदत संपत होती. देशाला अध्यक्ष मिळण्याची साधी, निर्विवाद गोष्ट सर्वांत जहाल वादाला बांधली गेली असती. ते त्यांनी टाळले. वाद पुढे ढकलून त्याला दुसऱ्या जागी, दुसऱ्या दिवशी तोंड देण्यात कमीपणा नाही. राजकारणातले निम्मे कौशल्य तेच असते. म्हणून दोष द्यायचा तर त्या दिवसाला देऊन चालणार नाही. दोष आहे तो त्यानंतरच्या दिवसांचा, आणि तो कळायला मिशिगनकडे जावे लागते.

मिशिगनने १८३५ मध्येच आपली घटना करून ठेवली होती, पण टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायोशी सीमावाद होता. जून १८३६ मध्ये काँग्रेसने अट घातली: तो पट्टा सोडा, मग या. सप्टेंबरात मिशिगनच्या सभेने अट झिडकारली. नोव्हेंबरात मिशिगनच्या लोकांनी तरीही निर्वाचक निवडले आणि ७ डिसेंबरला त्या तिघांनी मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना मते दिली. १४ डिसेंबरला दुसऱ्या सभेने अट मानली. २६ जानेवारी १८३७ रोजी मिशिगन राज्य झाले आणि ८ फेब्रुवारीला मोजणी झाली.

हे तर इंडियानाचेच प्रकरण होते: मते देताना राज्य नाही, मोजताना आहे. इंडियानाची मते सरळ मोजली गेली होती. मिसुरीसारखा जिवावरचा वादही इथे नव्हता. तरीही काँग्रेसने मिसुरीचीच युक्ती काढली. मिशिगन धरून व्हॅन ब्युरेन यांना १७०, सोडून १६७, दोन्ही परींनी ते निवडून आले. एका अवघड दिवशी नाइलाजाने केलेली गोष्ट सोळा वर्षांत रीत होऊन बसली. कारण संपले होते, युक्ती उरली होती. १८६९ मध्ये जॉर्जियाच्या बाबतीतही तीच वापरली गेली.

ती किती बारीक धाग्यावर लटकली होती हे १८३७ च्याच मोजणीतल्या दुसऱ्या आकड्यांवरून कळते. उपाध्यक्षपदासाठी रिचर्ड जॉन्सन उभे होते आणि व्हर्जिनियाच्या तेवीस निर्वाचकांनी त्यांना मते द्यायचे नाकारले होते. मिशिगन धरले तर एकूण निर्वाचक २९४, बहुमताला हवीत १४८, जॉन्सन यांना १४७. मिशिगन सोडले तर एकूण २९१, हवीत १४६, जॉन्सन यांना १४४. दोन्हीकडे बहुमत हुकले, म्हणून घटनेप्रमाणे निवड सिनेटकडे गेली आणि सिनेटने त्यांनाच निवडले. आता व्हर्जिनियाच्या तेविसांपैकी एकाचे मन पालटले असते असे धरू. मिशिगन धरून १४८, म्हणजे निवडून आले. मिशिगन सोडून १४५, म्हणजे नाही आले. एका मताने दुहेरी निकालाचे दोन वेगळे निकाल झाले असते, आणि कोणता खरा हे सांगणारा नियम कोणाजवळही नव्हता. तसे घडले नाही, म्हणून नियम करायचे पुन्हा राहिले.

शेताच्या बांधाचे असेच असते. उन्हाळ्यात दोन्ही रानं मोकळी असतात तेव्हा बांध कुठून जातो हे शांतपणे पाहता येते, पण तेव्हा कोणाला सवड नसते. पीक उभे राहिले की दोघांनाही मोजणी हवी असते, आणि तेव्हा मोजणीदार कोणाचा यावरूनच भांडण सुरू होते. नियम करण्याची सोय आणि नियमाची निकड या दोन गोष्टी एका हंगामात येत नाहीत. निकाल बदलत नसतो तेव्हा नियम निःपक्षपातीपणे करता येतो, पण करावासा वाटत नाही. निकाल बदलणार असतो तेव्हा तो करावाच लागतो, पण निःपक्षपाती कोणी उरलेला नसतो.

१८७७ मध्ये ते पीक उभे राहिले. रिपब्लिकन रदरफर्ड हेझ आणि डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांच्या त्या निवडणुकीत एकूण मते ३६९, बहुमताला १८५. टिल्डन यांची वादातीत मते १८४, हेझ यांची १६५. फ्लोरिडा, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायना या राज्यांतून एकाच जागेसाठी एकाहून अधिक प्रमाणपत्रे आली होती, ऑरेगनच्या एका मतावरही वाद होता; मिळून वीस मते. हरकतीचा निवाडा कोणी करायचा हा तोच जुना प्रश्न होता. १८६५ मध्ये दोन्ही सभागृहांनी एक संयुक्त नियम केला होता, की कोणतेही एक सभागृह एखादे मत नाकारू शकेल. पण तो बहुमतातल्या पक्षाने आपल्या सोयीने केलेला, आणि निवडणुकीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच टाकूनही दिलेला. शेवटी घाईने पंधरा जणांचा आयोग नेमला: पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली यांचे मत निर्णायक ठरले. प्रत्येक वादग्रस्त राज्याचा निवाडा आठ विरुद्ध सात, आणि विभागणी पक्षनिहाय. विसाच्या वीस मते हेझ यांना. २ मार्चच्या पहाटे ते १८५ विरुद्ध १८४ असे निवडून आले. काही आठवड्यांतच दक्षिण कॅरोलायना आणि लुइझियानाच्या राज्यशासनांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य त्यांनी हटवले आणि तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांचा आधार गेला. १८२१ प्रमाणे याही वेळी किंमत मोजली ती ज्यांना टेबलाभोवती जागा नव्हती त्यांनी.

त्या १८५ मतांत तीन मते कोलोरॅडोची होती. कोलोरॅडो राज्य झाले होते १ ऑगस्ट १८७६ रोजी, निवडणुकीच्या तीनच महिने आधी. मतदान घेण्याऐवजी विधिमंडळानेच निर्वाचक निवडले होते. मिसुरीची युक्ती या तीन मतांना लावून पाहावी. कोलोरॅडो धरून हेझ १८५, टिल्डन १८४, म्हणजे हेझ अध्यक्ष. कोलोरॅडो सोडून एकूण मते ३६६, बहुमताला १८४, हेझ १८२ आणि टिल्डन १८४, म्हणजे टिल्डन अध्यक्ष. ज्या तीन मतांनी काय होणार, असे साठ वर्षे म्हटले जात होते, त्याच तीन मतांत या वेळी अख्खे अध्यक्षपद सामावले होते. सुदैवाने कोलोरॅडोच्या प्रवेशाची तारीख निर्वाचकांच्या मतदानाच्या खूप आधीची होती. इंडियाना किंवा मिशिगनसारखी ती डिसेंबरच्या पलीकडे घसरली असती, तर आठ-सातचा आणखी एक निवाडा करावा लागला असता.

यानंतर तरी नियम लगेच झाला का? नाही. मतमोजणीचा कायदा व्हायला १८८७ साल उजाडले. तो गुंतागुंतीचा होता, आणि नीट केला गेला तो २०२२ मध्ये. मधल्या काळात जुनी सवय पुन्हा डोकावली. १९६० मध्ये हवाई हे नवे राज्य पहिल्यांदाच अध्यक्ष निवडत होते. आधी निक्सन पुढे असल्याचे जाहीर झाले, फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी पुढे निघाले. दोन्ही पक्षांच्या निर्वाचकांची प्रमाणपत्रे वॉशिंग्टनला आली. ६ जानेवारी १९६१ रोजी मोजणीच्या अध्यक्षस्थानी खुद्द निक्सन होते. त्यांनी केनेडींची मते धरली आणि हा पायंडा समजू नये असे सांगितले. निक्सन यांच्या दिलदारपणात खोट नव्हती, पण ती मते कोणाचीही धरली असती तरी केनेडीच जिंकत होते. पायंडा नव्हे असे बजावलेल्या त्या घटनेचा पायंडा म्हणून आधार घेतला गेला तो २०२० च्या निवडणुकीनंतर, पराभूत पक्षाच्या निर्वाचकांची पर्यायी प्रमाणपत्रे तयार करताना.

मग करायला काय हवे होते? १८२१ च्या फेब्रुवारीत क्ले यांनी वाद पुढे ढकलला ते ठीकच केले, हे आपण मानले. पण वाद पुढे ढकलणे आणि नियम पुढे ढकलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाद असतो या खेपेचा, नियम असतो पुढच्या खेपेचा. मन्रो यांची शपथ झाल्यावर, मिसुरीची समजूत पटल्यावर, पुढच्या निवडणुकीत कोण उभे राहणार हे धड कोणाला माहीत नसताना, हरकतींचा निवाडा कसा करायचा याचा पक्का कायदा व्हायला हवा होता. वाद मिटल्याच्या समाधानात तो राहून गेला. पळवाट सापडली की रस्ता करायची घाई कोणालाच उरत नाही.

हे शक्य असते का, अशी शंका कोणी घेईल. त्याचे एक उत्तर आपल्याकडेच आहे. १९५७ मध्ये भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक होत होती, तेव्हा हिमाचल प्रदेश आणि पंजाबमधल्या काही लोकसभा जागांची निवडणूक अजून व्हायची होती. निर्वाचकगण अपुरा असताना राष्ट्रपती निवडता येतो का, असा प्रश्न घेऊन डॉ. ना. भा. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. खरे मूळचे पनवेलचे, कर्मभूमी नागपूर, एके काळचे मध्य प्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान, आणि वाद अंगावर घ्यायला कधी न कचरणारे. त्यांच्या हरकतीने निकाल बदलण्याची सुतराम शक्यता नव्हती. राजेंद्रप्रसाद यांना साडेचार लाखांहून अधिक मतमूल्य मिळाले, दोन विरोधकांना मिळून पाच हजारही नाही. निवडणूक पुरी होण्याआधी अशी शंका घेता येत नाही म्हणून न्यायालयाने त्यांना परत पाठवले. नंतर ते पुन्हा गेले तेव्हा ते उमेदवारही नव्हते आणि पुरेसे निर्वाचकही सोबत नव्हते म्हणून अर्ज फेटाळला. मूळ प्रश्नाला न्यायालयानेही हात लावला नाही.

फरक पडला तो त्यानंतर. १९६१ मध्ये अकराव्या घटनादुरुस्तीने संसदेने लिहून ठेवले की निर्वाचकगणात जागा रिकामी आहे एवढ्या कारणावरून राष्ट्रपतीच्या निवडणुकीला आव्हान देता येणार नाही. तेव्हा कोणतीही निवडणूक या मुद्द्यावर अडलेली नव्हती. कोणाचा फायदा, कोणाचा तोटा हे कोणाला सांगता आले नसते. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा बरखास्त असताना राष्ट्रपतीची निवडणूक आली, म्हणजे एक अख्खे राज्य निर्वाचकगणातून गैरहजर. प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी गेला, उत्तराला आधार तयार होता, आणि निवडणूक मुदतीत घ्यावी असा सल्ला मिळाला. फक्रुद्दीन अली अहमद राष्ट्रपती झाले. मते एकदाच मोजली गेली.

या सगळ्या हकिगतीत एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. १८१७ मध्ये त्याचे नाव टेलर, १८२१ मध्ये लिव्हरमोर, आणि त्याच दिवशी त्याच्या अगदी विरुद्ध बाजूने उठलेला फ्लॉइडही तोच. १९५७ मध्ये खरे. निकाल सर्वांना माहीत आहे, लोक घरी जायला उठले आहेत, आणि हा उभा राहून विचारतो की हे नक्की कोणत्या नियमाने? तो त्रासदायक वाटतो. कधी त्याचा हेतू राजकीय असतो, कधी त्याचे म्हणणे चुकीचेही असते. टेलर यांच्या विरुद्धचा युक्तिवाद आजही पटण्याजोगा आहे. पण त्याचे म्हणणे मान्य करणे आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे यांत फरक आहे. तो हरला तरी चालते, फक्त त्याला हरवणारा नियम कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. त्याच्या प्रश्नावाचून काहीच अडत नसते, त्याच दिवशी त्याचे उत्तर सर्वांत स्वस्तात देता येते.